डॉक्टर मुलीसाठी फ्लॅट : आधी वही उघडा

गेल्या आठवड्यात मेडशीतले एक व्यापारी बंधू आमच्या दुकानात येऊन बसले. मुलगी एम.बी.बी.एस. झाली, आता नागपूरला तीन वर्षे एम.डी. करायचे म्हणते. भाडे कशाला भरायचे, फ्लॅटच घेऊन टाकू, असा त्यांचा बेत. आम्ही वही पुढे ओढली.

३० लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज, मुदत २० वर्षे धरा. हप्ता सुमारे २७ हजार. तीन वर्षांत ९ लाख ७२ हजार भराल, त्यात मुद्दल फिटेल जेमतेम १ लाख ८५ हजार. बाकी सारे व्याज! (सूद द्यावा की नाही, हा सवाल आणखी वेगळा.) बँक पूर्ण किंमत देत नाही, उरलेली रक्कम, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी गल्ल्यातूनच जाणार. मग ईदचा माल उधारीवर उचलावा लागेल. एकट्या महिलेच्या नावे घर घेतल्यास २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, एवढाच दिलासा.

आणि सीट? नीट-पीजीच्या फेऱ्या संपेपर्यंत कॉलेज पक्के नसते. निवासी डॉक्टरच्या ड्युट्या रात्रंदिवस, झोप बहुधा होस्टेलातच. सरकारी कॉलेज असेल तर पुढे एक वर्षाचे बंधपत्र. नेमणूक कुठेही होऊ शकते. तेव्हा फ्लॅट घाईत विकावा लागतो.

बंधूंनी चहा संपवला. आधी सीट लागू द्या, पहिले वर्ष होस्टेल, असे ठरवून उठले.