नोंद आहे, पण सापडत नाही

क्रमाने लावलेल्या दहा लाख नावांतून एक नाव काढायला संगणकाला फार तर २० वेळा पाहावे लागते. मधले नाव पाहायचे, हवे ते त्याच्या आधी की नंतर हे ठरवायचे आणि उरलेली अर्धी यादी सोडून द्यायची. याला बायनरी सर्च म्हणतात. मग २०२३ साली मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी जुन्या नोंदी तपासणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी लातूरसह मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत कुणबी नोंदी शोधताना पानन् पान का चाळावे लागले? दफ्तर अस्ताव्यस्त म्हणून, हे उत्तर चटकन सुचते, पण ते अपुरे आहे. जमिनीच्या खासरा पत्रकाला, जन्म-मृत्यूच्या गाव नमुना १४ ला, शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरला क्रम असतोच: गावाचा, सर्व्हे नंबरचा, तारखेचा. प्रश्न मात्र जातीच्या रकान्याचा होता. ज्या रकान्यावर क्रम लावलेला नाही, त्याबद्दल मधले पान उघडून काहीच कळत नाही. एकही पान वगळता येत नाही. त्यात लिपी उर्दू किंवा मोडी. शिवाय उदगीर, अहमदपूर, निलंगा १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते आणि लातूर जिल्हा झाला १९८२ साली, तेव्हा कुठल्या कचेरीत पाहायचे इथपासून तयारी.

सगळे स्कॅन करा, संगणक शोधेल, असे कोणी म्हणेल. पण स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. जाणकाराला तो एकदा वाचून शब्द उतरवावेच लागतात आणि त्यांची क्रमवार सूची करावी लागते. एवढी सूची करण्यापेक्षा सरळ चाळलेले बरे, हा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि एकदाच शोधायचे असेल तर तो खराही आहे. दाखल्यासाठी मात्र घरोघरची माणसे वर्षानुवर्षे येत राहतात. तिथे सूचीचा खर्च केव्हाच वसूल होतो.

सूची झाली तरी एक खाच उरते. ‘कुणबी’ आणि ‘कुनबी’ यांतल्या ण आणि न यांच्यामध्ये वर्णमालेत त, थ, द, ध येतात. त्यामुळे दोन्ही नोंदी दूर पडतात. आणि आपला ळ! शाळेतल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो, संगणकात अक्षरांना जे युनिकोड क्रमांक असतात, त्यांत ल नंतर लगेच. शाळेच्या क्रमाने लावलेली यादी घ्या: माने, माहोरे, माळी. युनिकोडच्या क्रमाने चालणारा प्रोग्राम ‘माळी’ शोधताना मधल्या ‘माहोरे’पाशी थांबतो, ळ हा ह च्या आधी मानून डावीकडे वळतो, तिथे ‘माने’ पाहतो आणि ‘नाव नाही’ असे सांगून मोकळा होतो. चूक झाल्याची कसलीही खूण पडद्यावर उमटत नाही. म्हणून सूची करणाऱ्यांनी मूळ लेखन जसेच्या तसे ठेवावे, शोधासाठी प्रमाण रूपाचा वेगळा रकाना करावा आणि क्रम कोणत्या नियमाने लावला, हे यादीच्या पहिल्याच पानावर नोंदवावे.