ट्रॉलीमागे धावणारी पोरं



गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर रोज दिसणारं एक दृश्य आपल्या सर्वांच्या परिचयाचं आहे. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर शाळेजवळच्या गतिरोधकावर हळू होतो. पाठीवर दप्तरं असलेली पाच-सहा पोरं मागे धावतात, बाहेर आलेला ऊस धरतात आणि ओढतात. पारावर बसलेली मोठी माणसं हसतात. "पोरंच ती, ऊस खाणार नाहीत तर काय करतील?" एवढं म्हणून विषय संपतो.

आम्हीही लहानपणी हेच केलं, ते लपवण्यात अर्थ नाही. पण तेव्हा पुढे बैलगाडी असे. बैल माणसाच्या चालीनं चालत. गाडीवानानं मागे वळून एक शिवी हासडली की आम्ही पसार! ट्रॅक्टरच्या चालकाला मात्र मागच्या ट्रॉलीजवळ काय चाललंय ते दिसत नाही आणि इंजिनाच्या आवाजात ओरडलेलं ऐकूही येत नाही. ट्रॉलीतला ऊस एकमेकांत अडकलेला असतो, तो सहज निघत नाही. पोर हट्टानं धरून पळतं, पाय घसरतो, आणि मागून दुसऱ्या ट्रॉलीचं चाक येत असतं. पुढचं लिहायला आमचा हात धजत नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. उसाचं वजन फडात नव्हे, कारखान्याच्या वजनकाट्यावर होतं. वाटेत गेलेला ऊस त्या सभासदाच्या वजनातून जातो. दोन कांड्यांनी कुणी गरीब होत नाही, हे खरं. पण 'रस्त्यावर आलेल्या वस्तूला मालक नसतो' हा धडा पोरगं त्या दोन कांड्यांतूनच शिकतं. तोच हात पुढे एसटीचं सीट फाडतो, शाळेच्या नळाची तोटी मोडतो. मग आपण म्हणतो, "हल्लीच्या पोरांना शिस्तच नाही."

शिस्त यायची कुठून? वजनकाट्यापुढे रांग असताना ओळख काढून आपली गाडी पुढे घेणारे आपणच. वार्षिक सभेत दुसरा सभासद बोलत असताना मोबाईलवर मोठ्यानं बोलणारेही आपणच. शेजारी उभं असलेलं पोर ते सारं पाहत असतं. संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडत आणि मग कीर्तनात स्वच्छतेचं सांगत. म्हणूनच लोक त्यांचं ऐकत.

आपल्याकडे चांगली रीत होतीच. गुऱ्हाळावर आलेल्या पोराला रस मिळे, गरम गूळ मिळे. कुणी हाकलत नसे. पण पोरानं आधी विचारायचं, "काका, रस घेऊ का?" मागण्यात कमीपणा नव्हता आणि न विचारता काहिलीजवळ जायची मुभा नव्हती.

तीच रीत पुन्हा लावू या. आपल्या फडाला तोड आली की गाडी भरण्यापूर्वी एक मोळी बांधावर बाजूला ठेवावी. आळीतल्या पोरांना बोलावून आपल्या हातानं ऊस द्यावा आणि सांगावं, "इथं मागा, पोटभर खा. पण रस्त्यावर गाडीला हात लावायचा नाही, आणि चिपाडं वाटेत टाकायची नाहीत." तोडणीला आलेल्या कामगारांना 'ए' म्हणून हाक न मारता काका-मावशी म्हणायचं, हेही तिथंच शिकवावं. त्यांच्या मुलांना त्या मोळीतला ऊस आधी द्यावा. आणि पारावरच्या मंडळींनी हसत न बसता उठून पोराला बाजूला घ्यावं. पोर कुणाचंही असो.

एका मोळीनं आपल्या टनेजला फरक पडणार नाही. हंगाम संपेल तेव्हा आपल्या गावातलं प्रत्येक पोर धडधाकट शाळेत बसलेलं असावं, एवढंच आमचं मागणं आहे.