बोटावरची शाई जाते, चेहऱ्यावरची चांदी जात नाही

पहिल्यांदा मतदान केलं त्या दिवशी काय केलंत? केंद्राबाहेर आलात, डाव्या हाताची तर्जनी कॅमेऱ्यासमोर धरली, सेल्फी काढला, स्टेटस टाकलं. घरी आल्यावर ती शाई निघते का ते बघायला साबण, लिंबू, टूथपेस्ट असं सगळं घासून झालं असेल. निघाली? नाही ना!

कारण त्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, म्हणजे चांदीचा क्षार. कातडीवरच्या घामातल्या मिठाशी त्याची क्रिया होते आणि उजेड पडला की डाग काळा होतो. म्हैसूरला तयार होणारी ही शाई १९६२ च्या निवडणुकीपासून वापरात आहे. कातडीवरचा डाग थोड्या दिवसांनी जातो, कारण वरची कातडी झडत असते. नखावरचा डाग नखाबरोबर पुढं सरकतो आणि एक दिवस नेलकटरनं कापला जातो.

आता विचार करा, हीच चांदी पोटातून आत गेली तर?

हा प्रश्न उगाच नाही. ‘कोलॉइडल सिल्व्हर’ नावाची बाटली आज ऑनलाइन सहज मिळते. कोलॉइड म्हणजे काय हे अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात वाचलेलं असतं. इथं पाण्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात, एवढंच. पण जाहिरात ऐकाल तर वाटेल अमृतच! सर्दी, घसा, पिंपल्स, इम्युनिटी, सगळ्यावर एकच उपाय. परीक्षा तोंडावर आलेली, चेहऱ्यावर पुटकुळ्या, मेसचं जेवण बेचव. मग रूममेट म्हणतो, “घे की भावा, नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही.”

त्यात आपण या भागातले. जयसिंगपूरहून इचलकरंजी ओलांडली की हुपरी. तिथं घराघरांत चांदीचे पैंजण घडतात. आपल्याकडं बाळाचं उष्टावण चांदीच्या वाटीत होतं, पेढ्यावर चांदीचा वर्ख असतो. चांदी वाईट कशी असेल?

चांदी वाईट नाहीच. ती जंतू मारते हेही खरं आहे. भाजलेल्या जखमेवर डॉक्टर चांदीयुक्त मलम देतात ते त्यासाठीच. पण मलम जखमेवर लागतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवस. वाटीतली चांदी घट्ट धातू असते, दुधात ती जवळजवळ विरघळत नाही. बाटलीतले कण मात्र तुम्ही रोज चमच्यानं पिता. लोह किंवा जस्त शरीराला लागतं, तसं चांदीचं शरीरात काहीच काम नाही. गिळलेली बरीचशी चांदी शौचावाटे बाहेर पडते, पण थोडी रक्तात जाते आणि त्वचेच्या आतल्या थरात साठत राहते.

पुढं जे होतं ते थेट जुन्या फोटोच्या फिल्मसारखं. फिल्मवर चांदीचे क्षार असायचे, उजेड लागला की ते काळे व्हायचे. त्वचेतल्या चांदीवरही उन्हाचा तसाच परिणाम होतो. त्यामुळं चेहरा, मान, हात हे उघडे भाग आधी निळसर-राखाडी होतात. कधी त्याआधीच हिरड्या किंवा नखांच्या मुळाशी असलेली अर्धचंद्रं निळसर दिसतात. याला म्हणतात अर्जिरिया. मतदानाची शाई वरच्या थरात असते म्हणून झडते. ही चांदी आतल्या थरात असते, तिथून ती झडत नाही.

अमेरिकेतल्या पॉल कॅरासनचे फोटो तुम्ही कदाचित पाहिले असतील. चेहऱ्यावरच्या त्वचेच्या त्रासासाठी तो घरीच चांदीचं पाणी बनवून प्यायचा आणि तोंडाला चोळायचाही. २००८ साली तो टीव्हीवर आला तेव्हा चेहरा पूर्ण निळा होता. २०१३ मध्ये त्याचं निधन झालं, तोवर रंग तसाच होता. माँटाना राज्यातले राजकारणी स्टॅन जोन्स यांनी १९९९ मध्ये हे पाणी सुरू केलं. वाय-टू-के गोंधळात अँटिबायोटिक मिळणार नाहीत, ही भीती! अँटिबायोटिकचा तुटवडा काही पडला नाही, चेहरा मात्र निळसर झाला. जपानमध्ये चांदीचा मुलामा असलेल्या मुखशुद्धीच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाणाऱ्यांनाही असा रंग आल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. सणाला खाल्लेल्या पेढ्याची भीती नको. प्रश्न रोज, महिनोन् महिने घेण्याचा आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९९ मध्येच जाहीर केलं होतं की, कोलॉइडल सिल्व्हर असलेली दुकानात थेट मिळणारी औषधं सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत. तरी २०२० मध्ये ‘कोरोनावर चांदी’ म्हणून विकणारे उगवलेच, आणि त्यांना तिथल्या सरकारनं नोटिसाही धाडल्या.

रंग घालवता येतो का? शरीरातले जड धातू काढायची औषधं इथं उपयोगी पडत नाहीत. लेझरनं काहींना फरक पडतो, पण ते खर्चिक असतं, अनेकदा करावं लागतं आणि खात्री नसते. म्हणजे ज्या पिंपल्स काही वर्षांत आपोआप गेल्या असत्या, त्यांच्यासाठी कायमचा रंग चेहऱ्यावर घ्यायचा.

म्हणून बाटली हातात आली की तीन गोष्टी बघा. लेबलवर ‘सिल्व्हर’ किंवा ‘अर्जेंटम’ आहे का? हे घ्यायला नोंदणीकृत डॉक्टरांनी किंवा वैद्यांनी सांगितलंय, की रीलनं? आणि एकच औषध दहा आजारांवर चालतं असा दावा आहे का? रौप्य भस्मही स्वतःच्या मनानं सुरू करू नका. आधीच घेत असाल तर थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना बाटलीसकट दाखवा. लाजायचं काही कारण नाही. घरात चांदीकाम चालत असेल तर धुळीपासून जपा, मास्क वापरा, कारण वर्षानुवर्षं चांदीची धूळ आत गेल्यानंही हा त्रास होऊ शकतो. डॉक्टरांनी दिलेलं भाजल्यावरचं मलम मात्र हे वाचून बंद करू नका.

चांदी पायात पैंजण म्हणून शोभते, वाटी म्हणून देवघरात शोभते. बोटावर शाई म्हणून तर मिरवावीच. पोटात मात्र तिचं काही काम नाही.