‘सेकिरो’ पुन्हा का खेळावा?

जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा ‘सेकिरो : शॅडोज डाय ट्वाईस’ हा २०१९ मधील व्हिडिओ गेम अतिशय कठीण मानला जातो. हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेल्या या खेळात सोपी पातळी निवडण्याची सोय नाही. तरीही तो पूर्ण केलेले अनेक जण पुन्हा आरंभापासून खेळू लागतात. त्याचे कारण खेळाच्या रचनेत आहे.

१६व्या शतकाच्या अखेरच्या जपानमधील एका काल्पनिक प्रांतात, एक हात गमावलेला योद्धा लढतो. शत्रूचा वार नेमक्या क्षणी तलवारीने परतवला, की शत्रूचा तोल ढळत जातो. मागे सरल्यास तो पुन्हा सावरतो. त्यामुळे अंग राखून खेळणारा नवखा वारंवार हरतो.

दुसऱ्या फेरीत शत्रू अधिक बलवान होतात. परंतु त्यांच्या वारांची लय एव्हाना खेळाडूच्या बोटांत मुरलेली असते. कुरो या बालकाने दिलेला रक्षक ताईतही या फेरीत परत करता येतो. मग वार अचूक न परतवता केवळ अडवला, तरी इजा होते. पहिल्या फेरीत ज्या खडतरपणाने छळले, तो वाढवून घेण्याचा हा पर्याय अनेक खेळाडू आनंदाने स्वीकारतात.