नळाच्या पाण्याने वाचवलेले डोंगर

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या पूर्व काठावर रिचमंड, बर्कली, ऑकलंड, फ्रीमाँट ही शहरं एकमेकांना खेटून उभी आहेत आणि त्यांच्या पाठीशी डोंगरांची लांबलचक रांग आहे. हे डोंगर बंगल्यांनी भरून गेले नाहीत, याचं पहिलं श्रेय नळाच्या पाण्याला द्यायला हवं. पूर्वी इथे पाणी पुरवणाऱ्या खाजगी कंपन्यांनी डोंगरातले ओढे अडवून तलाव बांधले होते. पाण्यात घाण उतरू नये म्हणून तलावांभोवतीची जमीनही विकत घेऊन मोकळी ठेवली होती. १९२३ साली सार्वजनिक पाणी मंडळ स्थापन झालं. १९२९ मध्ये त्याने सिएरा नेवाडातल्या मोकेलमी नदीचं पाणी थेट शहरांपर्यंत आणलं आणि डोंगरातली हजारो एकर जमीन एकदम जादा ठरली. जादा जमिनीचा वास बिल्डरांना सगळीकडेच लवकर लागतो.

पण यावेळी नागरिक आधी पोचले. या जमिनीचं काय करता येईल याचा अहवाल त्यांनी १९३० साली ओल्मस्टेड बंधूंच्या कंपनीकडून आणि राष्ट्रीय उद्यान खात्याचे अँसेल हॉल यांच्याकडून करून घेतला. हे ओल्मस्टेड म्हणजे न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणाऱ्या ओल्मस्टेडचे वारस. डोंगरमाथ्यावरून उद्यानांची सलग माळ ओवा, असा त्यांचा सल्ला होता. पाणी मंडळाला उद्यानं चालवण्याच्या भानगडीत पडायचं नव्हतं. एकट्या कुठल्या नगरपालिकेला ते झेपणारं नव्हतं, कारण डोंगर एका गावाच्या हद्दीत मावत नाहीत. मग राज्याकडून वेगळा कायदा करून घेऊन स्वतंत्र उद्यान मंडळाचा प्रस्ताव नोव्हेंबर १९३४ मध्ये मतदानाला ठेवला गेला. महामंदी ऐन भरात होती. लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, बँका बुडाल्या होत्या. अशा वेळी ऑकलंड, बर्कली आणि आसपासच्या आणखी पाच गावांतल्या मतदारांना विचारलं गेलं, की डोंगरावर फिरायला जागा असावी म्हणून तुम्ही घरपट्टीत थोडी भर घालून द्याल का? शंभरातल्या एकाहत्तर जणांनी ‘हो’ म्हटलं.

ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्टचा जन्म हा असा. मंडळ नगरपालिकेचं नाही, जिल्हा प्रशासनाचंही नाही. त्याचा कर वेगळा, त्याचे सात संचालक लोकांनी निवडून दिलेले, त्याचे पोलीस आणि अग्निशमन दलही स्वतःचं. मला सर्वांत जास्त कौतुक या संस्थेच्या रचनेचं वाटतं. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात बागेचा पैसा नेहमी रस्त्याच्या आणि गटाराच्या मागे उभा असतो. इथे बागेचा पैसा बागेलाच जातो. १९३६ मध्ये पाणी मंडळाकडून दोन हजारांवर एकर जमीन विकत घेऊन पहिली तीन उद्यानं झाली. आज अलामीडा आणि कॉन्ट्रा कोस्टा या दोन काउंट्यांत मिळून उद्यानं ७३ आहेत, जमीन सव्वा लाख एकर आणि पायवाटा बाराशे मैलांहून अधिक.

खरं सांगायचं तर यातलं एकही ठिकाण जग फिरायला निघालेल्या माणसाने मुद्दाम पाहावं असं नाही. त्यासाठी योसेमिटी आहे, गाडीने चार तासांवर. पण योसेमिटीला माणूस वर्षातून एकदा जातो; इथे तो मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून परस्पर जातो. बहुतेक उद्यानांत शिरायला पैसे पडत नाहीत. काही ठिकाणी गाडी लावायचे थोडे डॉलर द्यावे लागतात, एवढंच.

बर्कलीच्या डोक्यावरचं टिल्डन हे पहिल्या तिनांपैकी एक. मुलं लहान असतील तर सुरुवात इथूनच होते. १९११ सालचा लाकडी घोड्यांचा फिरता पाळणा आहे, तो १९४८ मध्ये इथे आला. पंधरा इंची रुळांवर धावणारी खरीखुरी वाफेची गाडी आहे. ती १९५२ पासून चालू आहे आणि मोठी माणसंही गुडघे हनुवटीला लावून तीत बसतात. पोहायला अँझा तलाव आहे. कॅलिफोर्नियातली मूळची झाडं एकत्र लावलेलं वनस्पती उद्यान मात्र बहुतेक जण चुकवतात. तिथे तासभर काढला, की आपण रोज पाहतो तो निलगिरी इथला नाहीच, तो ऑस्ट्रेलियाहून आणून लावलेला आहे, हे कळतं.

आणि छोटं शेत. गाय, शेळ्या, मेंढ्या, डुकरं, कोंबड्या. कुंपणावर पाटी आहे: जनावरांना फक्त सेलरी आणि लेट्यूस द्या, दुसरं काही नको. त्यामुळे फाटकातून शिरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या हातात पालेभाजीची पिशवी असते. गाय संथपणे एकेक दांडी ओढून घेते आणि पोराच्या बोटांना खरखरीत जीभ लागली, की किंकाळी आणि हसू बरोबरच फुटतं. पुण्याहून नातवंडांकडे आलेल्या आजींना गाईला पोळी का चालत नाही हे पटवून देणं अवघड जातं. “अगं, गाय आहे ना ती? मग?” या प्रश्नाला पाटीवर उत्तर नाही.

टिल्डनमधला साउथ पार्क ड्राइव्ह हा रस्ता दरवर्षी १ नोव्हेंबर ते ३१ मार्च गाड्यांना बंद असतो. कारण न्यूट. हा नारिंगी पोटाचा, बोटभर लांबीचा उभयचर प्राणी. पाऊस सुरू झाला, की तो रानातून ओढ्याकडे अंडी घालायला निघतो, आणि वाटेत हा रस्ता येतो. तो इतका सावकाश चालतो, की गाडीपुढे त्याचा निभाव लागत नाही. म्हणून पाच महिने गाड्यांनी वळसा घालून जायचं. चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मनाई नाही. हिवाळ्यात मोकळ्या डांबरी रस्त्याच्या मधोमध चालण्याची चैन त्यांना या प्राण्याच्या कृपेने मिळते.

फ्रीमाँटमधल्या मराठी मंडळींचं उद्यान मात्र मिशन पीक. उंची २५१७ फूट. स्टॅनफर्ड ॲव्हेन्यूच्या फाटकातून जाऊन-येऊन सहा मैल आणि चढ दोन हजार फुटांच्या वर. रविवारी सकाळी हा म्हणजे आपला सिंहगडच. तेच घामेजलेले चेहरे, तीच “अजून किती आहे हो?” ही विचारणा, कानात इअरफोन घालून पळत सुटलेली तीच तरुण पोरं. फक्त वर पिठलं-भाकरी नाही, ताक नाही, प्यायचं पाणीसुद्धा नाही. ते खालून न्यायचं. झाड औषधापुरतं. उन्हाळ्यात नऊनंतर चढायला लागणाऱ्याने आपल्या डोक्याची काळजी स्वतः घ्यावी. शिखरावर एक खांब रोवलेला आहे. त्यावर चढून फोटो काढायला लोक रांग लावतात, आणि ती रांग पाहिली की मला तिथून लगेच उतरावंसं वाटतं.

या लोकप्रियतेची किंमत डोंगराने मोजली आहे. वळणं टाळून सरळ वर घुसणाऱ्यांनी पाडलेल्या आडवाटांतून पावसाचं पाणी धावतं आणि उतारावर घळी पडतात. त्या बुजवायच्या, कुंपण घालायचं, पाट्या लावायच्या, हे काम संपतच नाही. खालच्या वस्तीतले रहिवासी गाड्यांच्या रांगांना वैतागले आणि तिथल्या गल्ल्यांत रहिवाशांच्या परवान्याची सक्ती आली. माझं ऐकाल तर मागच्या बाजूला सुनोलला जा. अलामीडा क्रीकचा दगडधोंड्यांतला अरुंद पट्टा आहे, लोक त्याला ‘लिटल योसेमिटी’ म्हणतात. नाव फारच थोर आहे, पण फेब्रुवारीत पाणी वाहत असतं तेव्हा जागा छान असते. इथला पाऊस हिवाळ्यातला, त्यामुळे डोंगर हिरवेगार होतात ते जानेवारी-फेब्रुवारीत. मे उजाडेपर्यंत गवत वाळून पिवळं पडतं. ज्यांना खरंच चालायचं आहे त्यांच्यासाठी मिशन पीकपासून सुनोलमार्गे देल व्हाये तलावापर्यंत २८ मैलांची ओहलोनी वाट आहे. तिला परवाना लागतो आणि मुक्कामाची जागा आधी ठरवावी लागते.

पाण्यातल्या खेळांचे नियम तलावागणिक वेगळे, आणि नवख्याची इथेच गफलत होते. चाबो तलावात नाव वल्हवा, गळ टाकून ट्राउट धरा, पण अंगाला पाणी लावायचं नाही, कारण अडीनडीला ते पिण्यासाठी राखून ठेवलेलं आहे. मासे धरायला सोळा वर्षांवरच्यांना राज्याचा परवाना लागतोच. देल व्हाये तलाव पाच मैल लांब. तिथे पोहणं, नावा, तंबू सगळं चालतं. फ्रीमाँटचा क्वारी लेक्स म्हणजे जुन्या खडीच्या खाणी पाण्याने भरून झालेले तलाव. उन्हाळ्यात निळसर-हिरवं शेवाळ विषारी झालं, की पोहणं बंद करतात, तेव्हा पोरांना गाडीत कोंबण्याआधी चौकशी केलेली बरी. समुद्राचा वारा हवा असेल तर अलामीडाचा क्राउन बीच आहे.

अँटिऑकजवळचं ब्लॅक डायमंड माइन्स या सगळ्यांत वेगळं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे कोळसा निघायचा. तो संपल्यावर १९२० च्या दशकापासून काचेच्या कारखान्यांसाठी वाळूचा दगड खणला गेला. तोच बोगदा आता शिरस्त्राण घालून, वाटाड्याबरोबर पाहता येतो. बाहेर ऊन रणरणत असताना आत गारवा असतो आणि भिंतीवर पहारीचे, सुरुंगाचे व्रण दिसतात. वर टेकडीवर खाणकामगारांच्या कुटुंबांची दफनभूमी आहे. तिथल्या दगडांवर लहान मुलांची वयं वाचत गेलं, की पावलं आपोआप हळू पडतात.

एवढ्या जमिनीची राखण मुख्यतः गाई करतात. बाहेरून आलेलं गवत उन्हाळ्यात वाळून सरपण होतं, म्हणून पशुपालकांना कुरणं भाड्याने देऊन ते चारून घेतात. वस्तीला लागून असलेल्या उतारांवर शेळ्यांचे कळप सोडतात. ऑक्टोबर १९९१ मध्ये ऑकलंडच्या डोंगरात लागलेल्या आगीत पंचवीस माणसं गेली आणि हजारो घरं जळाली. तेव्हापासून गवताकडे पाहण्याची इथली नजरच बदलली. वाटेत बसलेली गाय उठत नाही म्हणून तक्रार करणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. गाय उठत नसेल तर आपण बाजूने जावं. वासरू आणि गाय यांच्या मधून मात्र जाऊ नये.

सध्या वाद पेटला आहे तो सायकलींचा. वाटेचा मान कुणाचा हे पाट्यांवर स्पष्ट आहे: घोडेस्वाराला सगळ्यांनी वाट द्यायची, आणि सायकलस्वाराने चालणाऱ्यालाही. सायकली मुख्यतः रुंद कच्च्या रस्त्यांवर चालवायच्या. अरुंद पायवाटांवर बहुतेक ठिकाणी मनाई आहे. सायकलवाल्यांचं म्हणणं, आम्हीही कर भरतो, आम्हालाही वळणावळणाची अरुंद वाट हवी. चालणाऱ्यांचं म्हणणं, वळणावर समोरून वेगात आलेली सायकल आम्ही चुकवायची कशी? त्यात आता बॅटरीवरच्या सायकली आल्या आहेत. माझं झुकतं माप चालणाऱ्यांना आहे, पण चोरून फिरणाऱ्या पोरांना हुसकावत बसण्यापेक्षा त्यांच्यासाठी दोन-चार वाटा नीट आखून दिलेल्या केव्हाही बऱ्या. संचालकांच्या सभा सर्वांना खुल्या असतात आणि तिथे कुणालाही उठून बोलता येतं. सायकलवाले तिथे संघटितपणे हजर राहतात. रविवारी मिशन पीक चढणाऱ्या आपल्या मंडळींपैकी मात्र तिथे क्वचितच कुणी दिसतं.