कॅमेऱ्याचा सराव घरच्या कुत्र्या-मांजरांवर

छायाचित्रात किती प्रकाश उतरणार हे तीन आकडे ठरवतात. भिंगातले छिद्र केवढे उघडायचे ते अ‍ॅपर्चर, पडदा किती वेळ उघडा ठेवायचा तो शटर स्पीड आणि आलेला प्रकाश किती वाढवून घ्यायचा तो आयएसओ. पुस्तकात हा विषय अर्ध्या पानात आटोपतो, हाताला मात्र त्याची सवय लवकर होत नाही. फुलदाणी हलत नाही, त्यामुळे तिचे छायाचित्र जवळपास कोणत्याही आकड्यांवर निघते. माणसाला ‘जरा थांब’ म्हणता येते. कुत्री-मांजरे ऐकत नाहीत, म्हणून त्यांच्यासमोर दरवेळी कशावर पाणी सोडायचे हे ठरवावे लागते. नवशिक्याला या निर्णयाचाच सराव हवा असतो.

नागपुरातल्या एखाद्या घरात, खिडकीपाशी झोपलेले मांजर घेऊ. आयएसओ 100, अ‍ॅपर्चर एफ 2 आणि शटर सेकंदाचा साठावा भाग, एवढ्यावर त्याचे बरे छायाचित्र निघू शकते. मांजर उठून उडी मारते, आणि ही उडी गोठवायला सेकंदाचा हजारावा भाग लागतो. साठवरून 125, 250, 500 आणि 1000 अशा चार पायऱ्या झाल्या, आणि प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा झाला. या पायरीला छायाचित्रकार ‘स्टॉप’ म्हणतात. गेलेला प्रकाश आयएसओ 1600 पर्यंत चढवून भरून काढावा लागतो. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या झूम भिंगाचे छिद्र बहुधा एफ 5.6 च्या आसपासच थांबते. म्हणजे आणखी तीन स्टॉप गेले आणि आयएसओ 12800 झाला. इतक्या आयएसओवर मांजराच्या अंगावर केसांऐवजी ठिपकेच दिसू लागतात. त्यामुळे 50 मिलिमीटरचे एफ 1.8 भिंग ही बहुतेकांची दुसरी खरेदी असते, आणि ती योग्यच आहे.

तेच साधे भिंग घेऊन अंगणात गेले की चित्र पालटते. स्वच्छ उन्हात एफ 5.6 आणि हजारावा भाग असतानाही आयएसओ 100 पुरतो. खोली आणि अंगण यांत सात स्टॉपचा, म्हणजे 128 पटींचा फरक आहे. डोळा उंबरठा ओलांडताच सावरून घेतो, त्यामुळे माणसाला हा फरक एवढा मोठा वाटत नाही. कुत्र्याच्या मागे आतबाहेर करणाऱ्याला तो दहा मिनिटांत कळतो.

नागपूरचे ऋतूही या गणितात शिरतात. डिसेंबरमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण 45 अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत लांबवर येते आणि मांजर नेमके तिथेच जाऊन पडते. मेच्या अखेरीस दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. खिडकीतून थेट ऊन येत नाही, अंगणाच्या फरशीवरून उसळलेला प्रकाश तेवढा आत पोचतो. त्यात घरातली सर्वांत चांगली खिडकी बहुधा कूलरने अडवलेली असते. अंगणावर हिरवी नेट ताणली असेल तर पांढऱ्या कुत्र्यावर हिरवट छटा चढते, आणि व्हाइट बॅलन्स म्हणजे काय हे आपोआप समजते.

रात्री ट्यूबलाइटखाली निराळीच अडचण येते. भारतातली वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. शटर हजारावर ठेवून लागोपाठ फोटो काढले तर एक उजळ, एक काळवंडलेला असे निघतात, काहींवर आडवे पट्टेही येतात. शटर शंभरावर आणले की तक्रार बरीच कमी होते, पण त्या वेगाला धावता कुत्रा पुसट येतो. रात्री झोपलेला कुत्राच घ्यावा.

फोकसचा धडा कुत्र्याच्या लांब तोंडावर चांगला मिळतो. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 50 मिलिमीटरचे भिंग एफ 1.8 वर ठेवून एक मीटरवरून फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम तीन सेंटिमीटरचा असतो. नाक स्पष्ट आणि डोळे धूसर, असे फोटो त्यातूनच निपजतात. एफ 5.6 वर हा पट्टा नऊ सेंटिमीटरच्या आसपास जातो. मांजराचा चेहरा चपटा असल्याने तिथे मोठे छिद्रही खपून जाते. 2019 पासून काही कॅमेरे प्राण्याचा डोळा स्वतः हुडकू लागले, तरी पट्ट्याची जाडी त्यांच्या हातात नाही.

रंगाचा घोळ वेगळा. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सारे मध्यम करडे आहे असे धरून चालतो. घरोघरी ‘पॉमेरियन’ म्हणून ओळखला जाणारा पांढरा स्पिट्झ त्यामुळे मळकट येतो आणि काळा लॅब्रॅडोर राखाडी. पांढऱ्याला एक स्टॉप वाढवायचा आणि काळ्याला एक कमी करायचा. पहिल्यांदा बहुतेकजण नेमके उलटे करतात.

फ्लॅश दूरच ठेवलेला बरा. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे प्रकाश परत फेकणारा थर असतो, त्यामुळे समोरून फ्लॅश पडला की डोळे हिरवे-पिवळे चमकतात. शिवाय प्राणी दचकतो आणि पुढे कॅमेरा दिसताच पलंगाखाली शिरतो.

नागपूरकरांना या सरावाचा आणखी एक उपयोग आहे. पेंच, उमरेड-कऱ्हांडला आणि ताडोबा ही जंगले शहरातून काही तासांत गाठता येतात. पहाटेच्या जिप्सीत बांबूच्या सावलीतला वाघ बऱ्याचदा खिडकीजवळच्या खोलीएवढ्याच उजेडात असतो, आणि लांब पल्ल्याची परवडणारी भिंगे एफ 6.3 च्या पुढे उघडत नाहीत. आयएसओ 6400 वर ठेवायला ज्याचा हात कचरतो, त्याच्या कार्डात पुसट वाघ जमा होतात. शटर आणि अ‍ॅपर्चर आपण ठरवायचे आणि आयएसओ कॅमेऱ्यावर सोपवायचा, ही ऑटो आयएसओची पद्धत घरच्या मांजरावर आधी बसवून घेतली, तर गेटवर शिरताना डायल फिरवत बसावे लागत नाही.