सायकलीने कामावर

पायी चालणारा मनुष्य तासाला सुमारे ५ किलोमीटर अंतर काटतो. तोच सायकलीवर बसला, की जवळजवळ तेवढ्याच श्रमात तिप्पट मजल मारतो. चालताना पावलागणिक देहाचा भार पेलावा लागतो. सायकलीवर तो भार चाके वाहतात आणि पायांचे बळ पुढे जाण्यासाठी उरते.

गेल्या शतकाच्या मध्यास पुणे हे सायकलींचे शहर म्हणून विख्यात होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे सकाळी कामगारांच्या सायकलींची रीघ लागे. कारखान्याचा भोंगा कोणासाठी थांबत नसे, आणि रोजचे बसभाडे तुटपुंज्या पगारात परवडत नसे. पेठेतील खोली आणि कोसांवरील नोकरी यांची सांगड या दोन चाकांनीच घातली. पुढे स्कूटरी आल्या व ही रीघ विरळ झाली.

आज कोणी नव्याने सायकलीने कामावर जाऊ लागल्यास त्याने प्रथम बैठकीची उंची पाहावी. पायडल तळाशी असता गुडघा किंचितच वाकलेला असावा. पुष्कळ लोक बैठक फार खाली ठेवतात आणि गुडघे दुखू लागले, की बिचाऱ्या सायकलीला बोल लावतात! टायरमध्ये हवा कमी असल्यास श्रम वाढतात. पावसात चाकांच्या कडा भिजल्या, की ब्रेक उशिरा लागतो. म्हणून तो आधीपासूनच हलके दाबू लागावे. कामाची वाट एखाद्या रविवारी निवांतपणे फिरून पाहावी, म्हणजे चढ कोठे आहे, रहदारी कोठे दाटते आणि पंक्चर काढणारा कोठे बसतो, हे ठाऊक होते.